मालकाच्या वहीसमोर दुसरी वही



गेल्या तालुका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने साधा प्रश्न विचारला. जव्हार-मोखाड्याकडे काम करणारी एक छोटी मानवी हक्क संघटना उन्हाळ्यासाठी स्वयंसेवक शोधते आहे. पगार नाही, राहायला जागा आहे. जाऊ का? लगेच बैठकीत दोन तट पडले. एक म्हातारे सभासद म्हणाले, "घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे. आपल्या कापसाचे काय ते आधी बघ." दुसरे म्हणाले, "हे हक्कवाले उद्या आपल्याच बांधावर येऊन मजुरांच्या बाजूने उभे राहतील, मग काय करशील?" हशा झाला आणि बैठक पुढच्या विषयावर गेली. पोरगा मात्र खाली बसला तो बसलाच.

त्या पोराच्या वतीने आम्ही उत्तर देतो. जावे. एकट्याने जाऊ नये, प्रत्येक तालुक्यातून दोघांनी जावे. पण कशासाठी जायचे, किती दिवस जायचे आणि तिथे जाऊन काय करायचे नाही, हे आधी समजून घ्यावे. आम्ही स्वतः हे काम केले आहे, त्यात चूकही केली आहे, म्हणून चार शब्द सांगण्याचा अधिकार घेतो.

पाऊस आहे, पाणी नाही

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले दोन डोंगरी तालुके. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी वस्ती. आपल्याकडे मृग कोरडा गेला की पोटात गोळा येतो. तिकडे पाऊस आपल्या तिपटीने पडतो. पण जमीन उताराची, मातीचा थर पातळ. पाणी येते तसे खाली धावते. डोंगरउतारावर नाचणी, वरई, खुरासणी, खालच्या तुकड्यात भात. बहुतेकांना पीक एकच, खरिपाचे. मोखाड्याच्या हद्दीत वैतरणेवर मुंबईसाठी मोठे धरण उभे आहे; त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यावर टँकरची वाट पाहावी लागते. आपण कोरडवाहूवाले पावसाला दोष देतो. तिथे गेल्यावर कळते की कोरडवाहू होण्यासाठी पाऊस कमी पडावाच लागतो असे नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते शेतीची पदवी डोक्यात घेऊन. पाड्यावरच्या बैठकीत आम्ही भातानंतरच्या ओलीवर हरभरा कसा घ्यावा यावर अर्धा तास बोललो. सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "दिवाळी झाली का पाड्यात राहतो कोण, दादा?" आमचे व्याख्यान तिथेच संपले. पिकाची शिफारस करायला माणूस गावात असावा लागतो, ही गोष्ट विद्यापीठात कोणी शिकवली नव्हती.

दिवाळीनंतर माणसे जातात कुठे? भिवंडी, कल्याण, वसईच्या बाजूला वीटभट्ट्यांवर, रेती-खडीच्या आणि बांधकामाच्या कामांवर. जाताना उचल घेऊन जातात. पोरेबाळे बरोबर. परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर, पेरणीपुरती.

वावर-वांगणी हे नाव जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या या भागात शंभरावर बालके कुपोषण आणि आजारांनी दगावली आणि साऱ्या देशात गाजावाजा झाला. १९९५ साली सरकारने आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना काढली. २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. मधल्या चोवीस वर्षांत योजना कमी नव्हत्या. पण ज्या घराचा अर्धा संसार भट्टीवर असतो, त्या घरातले मूल कोणत्या अंगणवाडीच्या वहीत धरायचे? गावातल्या वहीत ते गैरहजर, भट्टीच्या गावातल्या वहीत त्याचे नावच नाही. कुपोषणाचा प्रश्न आरोग्य खात्याचा म्हणून मांडला जातो. त्याचे एक मूळ उचलीत आहे.

हे देणे जुने आहे

ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींची वेठ ही कालची गोष्ट नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्यानेच सरकारला अहवाल दिला होता की लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसे सावकाराच्या घरी राबतात. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. नवरा बांधला गेला की बायकोही आपोआप बांधली जाई. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या झेंड्याखाली या भागात उतरले आणि वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठीला नकार कायम राहिला.

देशभरासाठी वेठबिगारीविरुद्धचा कायदा व्हायला त्यानंतर तीस वर्षे गेली. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला. कायदा कागदावर आला म्हणून साखळी तुटली नाही. ती तोडायला १९७८ च्या सुमारास कष्टकरी संघटना उभी राहिली, १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना सुरू केली. सुरुवातीला ही मूठभर माणसांची कामे होती. एकेका गड्याचा जबाब घ्यायचा, तहसीलदारापुढे उभे करायचे, सुटकेचा दाखला मिळवायचा. १९९९ साली पंडित दांपत्याला गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा शहरातल्या पुष्कळांना पहिल्यांदा कळले की मुंबईपासून दोन-तीन तासांच्या वाटेवर वेठ होती.

आम्ही ही नावे आरती ओवाळायला घेत नाही. संघटनांचे राजकारण वेगवेगळे आहे, त्यांच्यात मतभेद आहेत, आमचेही त्यांच्याशी आहेत. सांगायचे एवढेच की छोटी संघटना म्हणजे छोटे काम नव्हे.

भट्टीवरचा हिशेब

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतो, पण रीत अशीच असते.

समजा, एका जोडप्याने दिवाळीला ३०,००० रुपये उचल घेतली. दर ठरला हजार विटांमागे ७०० रुपये. दोघे मिळून दिवसाला हजार विटा पाडतात. महिन्याचे २० दिवस काम धरले तर सहा महिन्यांत १,२०,००० विटा झाल्या. मजुरी ८४,००० रुपये. दर आठवड्याला पोटापुरती खर्ची २,००० रुपये, म्हणजे २६ आठवड्यांचे ५२,०००. उचल आणि खर्ची मिळून ८२,०००. सहा महिने दोघांनी चिखल तुडवला आणि हातात उरले २,००० रुपये.

पण हेही तेव्हाच, जेव्हा विटा १,२०,००० मोजल्या जातील. मालकाच्या वहीत त्या १,००,००० निघतात. काही पावसात भिजल्या, काही तडकल्या, काही मोजणीत बसल्या नाहीत. मजुरी झाली ७०,०००. आता जोडप्याकडेच १२,००० रुपये बाकी. बाकी फेडायची तर पुढच्या दिवाळीला त्याच भट्टीवर यायचे. दुसरा मालक जास्त दर देत असला तरी तिकडे जायचे नाही. पोर शाळेत टाकायचे होते, ते राहिले.

कापूस उत्पादक भावांनो, हा हिशेब ओळखीचा वाटतो की नाही? व्यापाऱ्याच्या काट्यावर क्विंटलमागे कटती धरतात, ओलाव्याच्या नावाने भाव पाडतात, कृषी केंद्राची उधारी कापसातून वळती करतात आणि रिकाम्या गाडीत आपण घरी येतो. तिथे विटा मोजणारा मालक, इथे कापूस तोलणारा व्यापारी. दोन्हीकडे वही एकच असते आणि ती आपल्या हातात नसते.

छोट्या हक्क संघटनेचे मुख्य काम कोणते, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही म्हणू: मालकाच्या वहीसमोर दुसरी वही उभी करणे. उचल कधी घेतली, किती घेतली, कोणासमोर घेतली, आठवड्याला खर्ची किती मिळाली, रोज किती विटा पडल्या, आजारी कोण पडले, हे मजुराच्या घरातून लिहून ठेवणे. घोषणा नंतर. आधी वही.

कायदा मजुराच्या बाजूने आहे

उचल देणे हा आपोआप गुन्हा होत नाही. पण उचलीच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्याची मोकळीक राहिली नाही, गावी जाता येईना किंवा बाजारातल्या मजुरीपेक्षा कमी घ्यावी लागली, तर १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारी आहे. या कायद्याने वेठीचे कर्ज संपते, ते वसूल करता येत नाही. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे वेठीचे कर्ज नाही असे मालकाचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे घटनेच्या कलम २३ नुसार सक्तीचे काम आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेत सुटलेल्या मजुरासाठी पुनर्वसनाची रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिशय वाईट प्रकारात ३ लाख अशी ठरली. पण मोठी रक्कम खटल्यात शिक्षा होण्याशी बांधलेली. तोवर तातडीची मदत तेवढी. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि मजुराला पुढच्या दिवाळीला पैसे लागतात. इथेच केस मोडते. मुकादम पुष्कळदा त्याच पाड्यातला, नात्यातला असतो. तो येतो, समजावतो, नवी उचल हातात ठेवतो, आणि साक्षीदार भट्टीवर परत जातो. त्याला भित्रा म्हणण्याआधी आपल्या दारात उभ्या राहिलेल्या वसुलीवाल्याची आठवण करावी.

आमची चूक

आता आमची गोष्ट. शिकत असताना ग्रामीण कार्यानुभव म्हणून आम्हाला एका गावात पाठवले होते. अंगणात रंगीत भुकटीने गावाचा नकाशा काढला, चारसूत्री भाताचा तक्ता लावला, सरपंचांबरोबर फोटो काढला आणि अहवाल आधीच्या वर्षीच्या मुलांचा उतरवला. गावाला आमचा उपयोग शून्य. तीच सवय घेऊन आम्ही पुढे या संघटनेत गेलो. दोन खोल्या, एक मोटारसायकल, पाच कार्यकर्ते, एवढीच संघटना.

एका भट्टीवरच्या आठ मजुरांचे जबाब घ्यायचे काम आमच्याकडे आले. आमचे अक्षर चांगले आणि घाईही मोठी. पहिल्याचा जबाब नीट लिहिला. पुढच्या सात जणांना आम्ही फक्त विचारले, "तुमचेही असेच ना?" त्यांनी मान डोलावली आणि आम्ही तोच मजकूर नावे बदलून उतरवला. बायकांना तर वेगळे विचारलेच नाही. चौकशीत अधिकाऱ्याने आठही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "शब्दन् शब्द सारखा कसा? शिकवलेले दिसते." त्याचे म्हणणे लबाडीचे असेल, पण त्याच्या हातात लबाडीचे साधन आम्हीच दिले होते. दाखले मिळाले नाहीत. आठपैकी पाच जण आठवड्याभरात भट्टीवर परतले. आम्ही पावसाआधी घरी आलो, जेवलो, झोपलो. त्यांचे काय झाले हे विचारायचे धाडस आम्हाला पुढे दोन वर्षे झाले नाही.

स्वयंसेवकाची चूक मजुराच्या खात्यावर पडते. स्वयंसेवक घरी जातो, मजूर तिथेच राहतो. इंटर्नशिपचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी एवढे लक्षात ठेवावे. त्या संघटनेतल्या बाईंनी आम्हाला नंतर शिकवले की नवऱ्याला उचलीचा आकडा माहीत असतो, पण खर्ची किती आली, कुठल्या आठवड्यात आली नाही, पोर कधी तापले, हे बायकोला माहीत असते. दोघांचे जबाब वेगळे घ्यायचे, त्यांच्या शब्दांत घ्यायचे, वाचून दाखवायचे आणि मगच अंगठा.

चार महिने कोणते?

शहरातली मुले पंधरा दिवसांसाठी येतात. त्यांचा दोष नाही, त्यांची सुट्टी तेवढीच. पण पंधरा दिवसांत पाड्याचे रस्ते पाठ होत नाहीत. आपल्या पोरांचे तसे नाही. कापसाची शेवटची वेचणी झाली, ज्वारी खळ्यात आली की कोरडवाहू शेतात रोहिणी लागेपर्यंत फारसे काम नसते. भट्टीचा हंगाम नेमका तेव्हाच भरात असतो आणि हिशेब मे महिन्यात होतो. ज्या काळात आपला पोरगा पारावर बसून मोबाईल चाळतो, त्याच काळात तिथे वही लिहिणाऱ्या हाताची गरज असते. संक्रांतीनंतर जावे आणि हिशेब संपवूनच परत यावे.

आपल्या पोरांना आणखी काही येते. जमीन मोजता येते, बांध ओळखता येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे अजून ठिकठिकाणी अडकलेले आहेत. त्या कायद्याच्या नियमांत कागदी पुराव्याबरोबर गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. नकाशा काढायला आणि तो जबाब नीट लिहून घ्यायला शेतकऱ्याच्या पोराइतका योग्य माणूस दुसरा कोण? ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा लागतो, त्याला पुढच्या दिवाळीला मुकादमाशी बोलताना थोडे ताठ उभे राहता येते.

जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. धान्य आणि गाडीभाडे आपले आपण न्यावे; छोट्या संघटनेच्या चुलीवर भार होऊ नये. कुपोषित मुलाचा, रडणाऱ्या बाईचा फोटो काढू नये. मजुराला विचारल्याशिवाय त्याचे नाव कोणाला सांगू नये. भट्टीवर एकट्याने मर्दुमकी दाखवायला जाऊ नये, त्याचा मार मजुराला बसतो. पहिला महिना फक्त ऐकावे. आणि निघताना आपण लिहिलेले सर्व कागद पुढच्या माणसाला समजतील असे लावून द्यावेत.

आपल्या बांधावर

आता बैठकीतल्या दुसऱ्या आक्षेपाकडे येऊ. हे शिकलेले पोरगे उद्या आपल्याच बांधावर मजुराच्या बाजूने उभे राहील. होय, राहील. राहावे म्हणूनच पाठवायचे.

भावांनो, पाडव्याला आपल्याकडेही साल बदलते. सालगड्याला आपणही उचल देतो. त्याच्या पोरीचे लग्न आले की आणखी देतो आणि वहीत मांडतो. बाकी राहिली म्हणून त्याला दुसऱ्याकडे जाऊ दिले नाही, असे आपल्या कोणत्याच गावात कधी घडले नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? भट्टीमालकाला लागू होणारा कायदा आपल्या गोठ्याच्या दारापाशी थांबत नाही.

आपली अडचण आम्हाला माहीत आहे. कापसाला खर्च भरून निघेल असा भाव मिळत नाही, मग मजुरी कुठून द्यायची? प्रश्न खरा आहे. पण आपल्यावर लादलेला तोटा आपल्याहून दुबळ्याच्या अंगावर ढकलला तर भाव मागायला आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार? वरून आलेला अन्याय खाली पोचवणारी पन्हळ होण्यासाठी आपण संघटना बांधलेली नाही.

आणि यात आपलाही स्वार्थ आहे, तोही उघड सांगतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने अवैध सावकाराने बळकावलेली जमीन जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. आपल्या तालुक्यातल्या किती जणांनी असा अर्ज केला? कागद कसा उभा करावा, साक्ष कशी नोंदवावी, तारखेमागून तारखेला न कंटाळता कसे जावे, हे आपल्याला कोणी शिकवलेच नाही. मोर्चा काढायला आपण शिकलो. फाईल चालवायला शिकलो नाही. जव्हार-मोखाड्यात चार महिने वही लिहिलेला पोरगा परत येईल तेव्हा ती विद्या गावात येईल. सावकाराच्या वहीसमोर, व्यापाऱ्याच्या काट्यासमोर दुसरी वही ठेवणारा एक तरी माणूस गावात असेल.

म्हणून या जिल्हा बैठकीत आम्ही दोन ठराव मांडत आहोत. पहिला, प्रत्येक तालुक्याने दोन तरुण, शक्य तिथे एक मुलगा आणि एक मुलगी, संक्रांतीनंतर चार महिन्यांसाठी पाठवावेत आणि त्यांचे धान्य व भाडे तालुक्याने वर्गणीतून उचलावे. दुसरा, येत्या पाडव्याला प्रत्येक सभासदाने आपल्या सालगड्याचा हिशेब दोन वह्यांत लिहावा. एक आपल्याकडे, एक त्याच्याकडे. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या पोरीकडून वाचून घ्यावा.

पहिल्या ठरावावर हात वर करणे सोपे आहे. दुसऱ्यावर किती हात वर होतात ते आम्ही मोजणार आहोत, आणि पहिला हात आमचा असेल.